बीडीएसची सीट हुकल्यावर: सीमाभागातल्या विद्यार्थ्यांनी काय, कधी आणि कोणत्या क्रमाने करावं

मी बेळगावात पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, जीवशास्त्र शिकवतो. दरवर्षी ऑगस्ट उजाडला की पालक प्लास्टिकच्या पिशव्या घेऊन यायला लागतात. पिशवीत मार्क्स कार्ड, जातीचा दाखला, आधारच्या चार-पाच झेरॉक्स असतात आणि तोंडी एकच वाक्य असतं: "सर, पोरीला डेंटलला नाही म्हणाले." (डेंटल म्हणजे बीडीएस, दंतवैद्याची पदवी.) कोण नाही म्हणालं, कुठल्या फेरीत, कशावरून, असं विचारलं की घरातल्या तिघांची तीन उत्तरं येतात. आई म्हणते मार्क कमी पडले, वडील म्हणतात कागदात काहीतरी राहिलं, आणि मुलगी खाली मान घालून गप्प असते.

तिथेच चूक सुरू होते. "नाही" सहा-सात कारणांनी येतं आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो. कागदामुळे सीट गेलेल्या मुलीला घरचे रिपीटच्या क्लासला घालतात. पुढच्या मे महिन्यात तिचे मार्क वाढतात, पण कागद तसाच राहतो. म्हणून खालचे टप्पे याच क्रमाने घ्या. मधला एखादा टप्पा गाळून पुढे गेलात तर बहुधा परत मागे यावं लागेल.

टप्पा १. आधी कागद गोळा करा, निर्णय नंतर

निकालानंतरच्या दोन-तीन दिवसांत कुठल्याही क्लासची फी भरू नका आणि कुठल्याही एजंटला फोन करू नका. फक्त गोळा करा:

१. नीटचा, म्हणजे वैद्यकीय-दंत प्रवेश परीक्षेचा अर्ज, प्रवेशपत्र, स्कोअरकार्ड, ओएमआरची (गोल रंगवलेल्या उत्तरपत्रिकेची) स्कॅन प्रत आणि अंतिम उत्तरसूची. ओएमआर आणि उत्तरसूची संकेतस्थळावर कायम राहत नाहीत, दिसल्या दिवशीच उतरवून घ्या. टप्पा ६ सगळा त्यांच्यावर उभा आहे.

२. केईएचा, म्हणजे कर्नाटक परीक्षा प्राधिकरणाचा अर्ज, कागदपत्र पडताळणीची स्लिप, भरलेल्या ऑप्शन्सची, म्हणजे पसंतीच्या कॉलेजांची यादी आणि प्रत्येक फेरीचा निकाल.

३. एमसीसीच्या, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय समुपदेशन समितीच्या समुपदेशनात (जागावाटपात) नाव घातलं असेल तर तिथलंही हेच सगळं.

४. दहावी-बारावीची मार्क्स कार्डं, पहिलीपासूनचे शाळेचे दाखले, जात-उत्पन्नाचे दाखले.

सगळं एका फाइलमध्ये ठेवा, आणि फोटो काढून आई किंवा वडील यांच्याही फोनमध्ये ठेवा.

पडताळणी: अर्जात मोबाइल नंबर आणि ईमेल कुणाचा आहे ते आत्ताच पाहा. आपल्याकडे बरेच अर्ज सायबरवर भरले जातात आणि घाईत सायबरवाल्याचाच ईमेल टाकला जातो. फेरीच्या दिवशी ओटीपी त्याच्याकडे जातो, आणि तो लग्नाला चंदगडला गेलेला असतो. हे माझ्या एका विद्यार्थ्याच्या बाबतीत घडलं. त्याची एक अख्खी फेरी त्यात गेली.

टप्पा २. "नाही" कुठून आलं ते ठरवा

कोऱ्या कागदावर खालीलपैकी एकच कारण लिहा. दोन लागू होत असतील तर आधीचं धरा.

क) नीटमध्ये पात्रताच आली नाही. सर्वसाधारण गटाला ५० वा पर्सेंटाइल लागतो, एससी, एसटी, ओबीसींना ४० वा. पर्सेंटाइल म्हणजे परीक्षा दिलेल्यांपैकी किती टक्के मुलं आपल्या मागे आहेत ते. त्याची आणि टक्के गुणांची गल्लत फार होते. २०२५ मध्ये सर्वसाधारण गटाची पात्रता ७२० पैकी १४४ गुणांवर आली, म्हणजे जेमतेम २० टक्क्यांवर. २०२४ मध्ये तीच रेषा १६२ वर होती. त्यामुळे "गेल्या वर्षी शेजारच्या पोराला एवढ्यावर झालं होतं" या बोलण्याला अर्थ नाही, आपल्या वर्षीची रेषा पाहायची.

ख) बारावीच्या भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राची बेरीज कमी पडली. सर्वसाधारण गटाला तिन्ही मिळून ५० टक्के लागतात, एससी, एसटी, ओबीसींना ४०. शिवाय इंग्रजीत उत्तीर्ण असावं लागतं. नीटमध्ये चांगला क्रमांक आला आणि इथे दोन मार्कांनी अडकले, अशी मुलं मी पाहिली आहेत. याचा उपाय नीटचा क्लास नव्हे, पीयू बोर्डाची पुढची परीक्षा देऊन गुण सुधारणं हा आहे. त्या अर्जाची मुदत निकालानंतर फार थोडे दिवस असते.

ग) पात्र आहे, पण क्रमांक सीटपर्यंत पोचला नाही.

घ) क्रमांक पोचत होता, पण दाखला, नाव किंवा पात्रतेचं कलम यावर अडकलं आणि आरक्षण काढून सर्वसाधारण गटात टाकलं.

च) फेरी चुकली, ऑप्शन्स कमी भरल्या, किंवा मिळालेल्या सीटवर चुकीचा पर्याय निवडला.

छ) सीट मिळाली, पण फी परवडली नाही.

पडताळणी: "ग" लिहिण्याआधी केईएच्या यादीत शेवटच्या फेरीचा कट-ऑफ पाहा, पहिल्या फेरीचा नव्हे. एमबीबीएस मिळालेली मुलं बीडीएस सोडत जातात, म्हणून बीडीएसची यादी फेरीगणिक खाली सरकते. पहिल्याच यादीवर हाय खाऊन बाहेर पडलेल्यांपैकी काहींचा क्रमांक शेवटच्या फेरीत बसला असता.

टप्पा ३. तुमचं दार कुठल्या राज्याचं, हे कागदावर सिद्ध करा

सीमाभागात सर्वांत जास्त नुकसान इथे होतं. आपली गावं एकमेकांना खेटून आहेत, शाळा या बाजूला आणि मामाचं घर त्या बाजूला. प्रवेशाचे नियम मात्र शाळा कुठल्या राज्यात होती एवढंच विचारतात.

कर्नाटकातल्या सरकारी कोट्यासाठी बहुतेक मुलं "अ" कलमाखाली येतात. पहिली ते बारावीपैकी किमान ७ पूर्ण शैक्षणिक वर्षं कर्नाटकातल्या मान्यताप्राप्त शाळा-कॉलेजात झालेली असावीत, आणि दहावी किंवा बारावी यांपैकी एक परीक्षा कर्नाटकातून उत्तीर्ण असावी. इतर कलमं आईवडिलांच्या शिक्षणावर, नोकरीवर वगैरे अवलंबून असतात. "अ" बसत नसेल तर ती एकेक करून वाचा.

महाराष्ट्राच्या ८५ टक्के राज्य कोट्यात सर्वसाधारणपणे अधिवासाबरोबर दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून लागतात. "किंवा" आणि "आणि" या दोन शब्दांत किती फरक पडतो ते दोन उदाहरणांवरून पाहा.

निपाणीची मुलगी दहावीपर्यंत निपाणीत शिकली आणि अकरावी-बारावीला कोल्हापूरला गेली. घरच्यांची समजूत अशी की आता ती महाराष्ट्राची झाली. प्रत्यक्षात महाराष्ट्राच्या राज्य कोट्यात ती बसत नाही, कारण दहावी तिथली नाही. कर्नाटकात मात्र दहा वर्षं आणि एसएसएलसी (कर्नाटकाची दहावी) दोन्ही असल्यामुळे "अ" कलमाखाली ती पात्र आहे. केईएचा अर्जच न केल्यामुळे अशा मुलींचं वर्ष जातं.

चंदगडचा मुलगा दहावीपर्यंत गावात शिकला आणि पीयूसीला बेळगावात आला. कर्नाटकात त्याची दोनच वर्षं भरतात, आणि महाराष्ट्रात बारावीचा कागद नाही. हा मुलगा खरोखर अधांतरी राहतो. त्याच्यासाठी एमसीसीचा १५ टक्के अखिल भारतीय कोटा, अभिमत विद्यापीठं, आणि खासगी कॉलेजांतल्या बाहेरच्या राज्यांना खुल्या असलेल्या जागा एवढंच उरतं. चंदगड, गडहिंग्लज, कागलकडच्या पालकांना माझी कळकळीची विनंती आहे: अकरावीला बेळगावात घालण्याआधी हा हिशेब करा. बारावीनंतर तो दुरुस्त होत नाही.

आता सीमाभागाचा खास कोटा. महाराष्ट्राच्या प्रवेश नियमांत वादग्रस्त सीमाभागातल्या ८६५ गावांमधल्या, मराठी मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यांसाठी मोजक्या जागा राखून ठेवलेल्या असतात. एमकेबी या नावाने त्या माहितीपुस्तिकेत सापडतील. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या कित्येक घरांना याचा पत्ताच नसतो. ज्यांना असतो ते "आपण मराठी आहोत, म्हणजे मिळणारच" असं धरून चालतात. तीन गोष्टी बघा. तुमचं गाव त्या ८६५ च्या यादीत आहे का? रहिवासाचा आणि मातृभाषेचा दाखला माहितीपुस्तिकेत छापलेल्या नमुन्यातच आहे का? आणि जागा किती? बोटांवर मोजण्याइतक्या. अर्ज जरूर करा, पण याच एका आशेवर कर्नाटकाची फेरी सोडू नका.

सावधान: कर्नाटकाच्या नियमांतला "गडीनाडू कन्नडिग" हा कोटा महाराष्ट्रातल्या आणि केरळातल्या काही तालुक्यांत राहणाऱ्या, कन्नड, तुळू किंवा कोडव मातृभाषा असलेल्यांसाठी आहे. कर्नाटकातल्या मराठी मुलांसाठी तो नाही. "गडी" म्हणजे सीमा एवढं वाचून कुणीतरी तो रकाना भरतं आणि पडताळणीत अडकतं.

बिदर, भालकी, औरादकडच्या वाचकांसाठी एक ओळ: तुमच्या जिल्ह्याला राज्यघटनेचं ३७१(जे) हे स्थानिक आरक्षणाचं कलम लागू आहे आणि त्याचा पात्रता दाखला वेगळा काढावा लागतो. बेळगाव जिल्ह्याला ते लागू नाही.

आणि कॉलेज जवळ आहे म्हणजे ते कुठल्या यादीत येतं हे कळत नाही. बेळगावात दोन डेंटल कॉलेजं आहेत. मराठा मंडळाचं हलगेकर डेंटल कॉलेज राजीव गांधी आरोग्य विद्यापीठाला संलग्न आहे, त्याच्या जागा केईएच्या फेरीतून भरतात. केएलईचं विश्वनाथ कत्ती डेंटल कॉलेज अभिमत विद्यापीठाचा भाग आहे, त्याच्या जागा एमसीसीतून. केईएच्या यादीत केएलई शोधून सापडली नाही म्हणून "जागा भरल्या" असं समजणारे दरवर्षी भेटतात. चोर्ला घाट उतरला की गोव्याचं बांबोळीचं सरकारी डेंटल कॉलेज येतं, पण तिथल्या राज्य कोट्याला गोव्याचा रहिवास लागतो. आपल्यासाठी तिथला फक्त १५ टक्के अखिल भारतीय कोटा, तोही एमसीसीतून. सांगली, कराडच्या खासगी कॉलेजांचंही तसंच: आधी ते अभिमत आहे की महाराष्ट्राच्या सीईटी सेल या प्रवेश कक्षाखाली आहे ते पाहा. सीईटी सेलखाली असेल तर बाहेरच्या राज्यातल्या विद्यार्थ्याला संस्थात्मक कोट्यात अर्ज करता येतो, मात्र त्याची फी जास्त असते.

टप्पा ४. या वर्षीच्या उरलेल्या फेऱ्या संपवा

पुढच्या वर्षाचा विचार करण्याआधी या वर्षीचं दार खरंच बंद झालंय का ते बघा. एमसीसीच्या तीन फेऱ्या आणि त्यानंतर उरलेल्या जागांची स्ट्रे फेरी असते. केईएच्याही फेऱ्या मागोमाग चालतात. दोन्हीकडे नोंदणी करायला हरकत नसते. मात्र एकीकडे प्रवेश घेतला की ठराविक फेरीनंतर दुसरीकडचा हक्क संपतो, तो कधी संपतो हे त्या वर्षीच्या पत्रकात लिहिलेलं असतं.

१. ऑप्शन्स भरपूर भरा. चार कॉलेजं भरून थांबणं ही सर्वांत जास्त वेळा होणारी चूक आहे. जिथे खरोखर जायला तयार आहात ती सगळी भरा, मग बागलकोट असो, विजयपूर असो वा बेंगळूरु. क्रम आपल्या पसंतीने लावा. "इथे मिळेलसं वाटतं" म्हणून खालचं कॉलेज वर ठेवलंत तर तेच मिळेल आणि वरचं हातचं जाईल.

२. केईएमध्ये सीट मिळाल्यावर चार पर्याय येतात. पहिला: सीट पसंत आहे, घेतो. दुसरा: ही राखून ठेवतो, पण पुढच्या फेरीत वरची मिळाली तर हवी. तिसरा: ही नको, पुढच्या फेरीत बसतो. चौथा: मी बाहेर पडतो. "ही सीट नको" म्हणायचं असताना चौथं बटण दाबणारी मुलं आहेत, आणि ते परत घेता येत नाही. वडील, मुलगी आणि आणखी एक जाणतं माणूस, अशा तिघांनी मोठ्याने वाचून मगच बटण दाबा.

३. एमसीसीत पहिल्या फेरीतली सीट न घेता सोडली तर नुकसान नाही. दुसऱ्या फेरीपासून डिपॉझिट जाऊ शकतं. अभिमत विद्यापीठांसाठी ते २ लाख रुपये असतं, म्हणून परवडणार नाही अशा अभिमत कॉलेजचं नाव "बघू तर" म्हणून टाकू नका. स्ट्रे फेरीत सीट मिळून ती घेतली नाही तर डिपॉझिट तर जातंच, वर अपात्रतेची तरतूदही असते.

सावधान: समुपदेशनाशिवाय बीडीएसला प्रवेश नाही. "मॅनेजमेंटची एक सीट ठेवलीय, आज पन्नास हजार द्या" असं म्हणणारा माणूस कितीही ओळखीचा असला तरी खासगी आणि एनआरआय जागासुद्धा फेरीतूनच जातात. नीटचा क्रमांक आणि अलॉटमेंट लेटर याशिवाय घेतलेला प्रवेश विद्यापीठात नोंदवला जात नाही. कर्नाटकात कॅपिटेशन फी (सीटसाठी वरून घेतलेले पैसे) घेण्यावर १९८४ च्या कायद्याने बंदी आहे. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने शेत गहाण टाकून अशा माणसाला पैसे दिले होते. सीट मिळाली नाही आणि पैशाची पावतीही नव्हती. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं.

फी हेच कारण असेल ("छ"), तर सीट सोडण्याआधी बँकेच्या शैक्षणिक कर्जाची आणि मागासवर्गीय व अल्पसंख्याक महामंडळांच्या "अरिवु" कर्जाची चौकशी करा. सीट सोडल्यावर केलेल्या चौकशीचा उपयोग नसतो, कर्ज अलॉटमेंट लेटरवर मिळतं.

टप्पा ५. दाखले आत्ताच दुरुस्त करा

कारण "घ" असेल तर तुमचं पुढचं वर्ष इथेच ठरतं. नसेल तरी हा टप्पा करा.

नाव. कर्नाटकाच्या मार्क्स कार्डावर नाव एका क्रमाने, आधारवर दुसऱ्या क्रमाने, आणि महाराष्ट्रातल्या जुन्या दाखल्यावर आडनाव आधी. कुठे वडिलांचं पूर्ण नाव, कुठे नुसतं आद्याक्षर. एसएसएलसीच्या मार्क्स कार्डावरचं नाव हेच मूळ धरा आणि बाकी सगळं त्याला जुळवा. आधार सर्वांत सोपं बदलतं, तिथून सुरुवात करा. कानडीतून इंग्रजीत येताना आडनावाचं स्पेलिंग बदललेलं असतं, तेही एकेक अक्षर ताडून पाहा.

जात आणि उत्पन्न. हे दाखले नाडकचेरी या स्थानिक महसूल कार्यालयातून निघतात आणि त्यावरचा आरडी नंबर केईए ऑनलाइन तपासते. एससी-एसटीला नमुना डी, प्रवर्ग १ ला नमुना ई, आणि २अ, २ब, ३अ, ३ब या प्रवर्गांना नमुना एफ. आरडी नंबर टाकल्यावर पडद्यावर येणारं नाव तुमच्या अर्जातल्या नावाशी जुळलं नाही तर आरक्षण मिळत नाही.

सावधान: मराठा समाज कर्नाटकाच्या यादीत ३ब मध्ये येतो. म्हणून एमसीसीच्या अर्जात आपोआप "ओबीसी" लिहू नका. राज्याची आणि केंद्राची यादी वेगळी आहे. आपली जात केंद्राच्या यादीत कर्नाटकापुढे आहे का ते आधी पाहा, असेल तर केंद्राच्या नमुन्यातला नॉन-क्रीमीलेअर दाखला वेगळा काढा. नाडकचेरीचा कानडी दाखला तिथे चालत नाही.

शिक्षणाचा दाखला. सात वर्षांच्या पुराव्यासाठी प्रत्येक शाळेचा दाखला लागतो आणि त्यावर बीईओंची, म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागते. ज्या तालुक्यात शाळा त्याच तालुक्याचा बीईओ. मधे एक-दोन वर्षं दुसऱ्या गावी शिकला असाल तर तिथेही जावं लागेल. जूनमध्ये त्या कचेऱ्यांत पाय ठेवायला जागा नसते, नोव्हेंबरात जा.

ग्रामीण कोटा. पहिली ते दहावी, पूर्ण दहा वर्षं कर्नाटकातल्या ग्रामीण भागातल्या शाळेत झालेली हवीत. खानापूर तालुका ग्रामीण वाटतो खरा, पण शाळा पट्टण (नगर) पंचायतीच्या हद्दीत असेल तर ती ग्रामीण धरत नाहीत. तालुका काय म्हणतो याला महत्त्व नाही, शाळेची इमारत कुठल्या हद्दीत आहे ते पाहा. आणि कन्नड माध्यमाचा कोटा मराठी माध्यमाला लागू होत नाही.

पडताळणी: सगळे दाखले एका रांगेत टेबलावर मांडा आणि नाव, जन्मतारीख, वडिलांचं नाव एवढंच मोठ्याने वाचत जा. घरातल्या दुसऱ्या कुणीतरी अर्जाशी ताडत जावं. एवढ्या साध्या गोष्टीने बऱ्याच चुका सापडतात. ऑनलाइन काहीच सुटत नसेल तर बेंगळूरुला मल्लेश्वरममधल्या केईएच्या कार्यालयात जावं लागतं. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने रात्री निघालात तर सकाळी पोचता, पण मूळ कागद आणि दोन-दोन झेरॉक्स संच घेऊनच निघा.

टप्पा ६. रिपीट करायचं का, हे ओएमआर सांगेल

कारण "क" किंवा "ग" असेल तरच हा प्रश्न येतो. घरच्यांच्या इच्छेवर किंवा क्लासच्या जाहिरातीवर उत्तर ठरवू नका. टप्पा १ मधली ओएमआर आणि उत्तरसूची काढा आणि दोन दिवस द्या.

नीटला १८० प्रश्न असतात: भौतिक ४५, रसायन ४५, जीवशास्त्र ९०. बरोबर उत्तराला ४, चुकीला वजा १. प्रत्येक चुकलेला आणि सोडलेला प्रश्न तीन ढिगांत टाका. पहिला ढीग: धडाच आला नव्हता. दुसरा: येत होतं, पण चुकलं, घाईत वाचलं, आकडेमोड चुकली, गोल चुकीचा रंगवला. तिसरा: वेळच पुरला नाही.

दुसरा आणि तिसरा ढीग मोठा असेल तर रिपीटचा खरा उपयोग होतो, कारण ज्ञान आहे आणि सराव कमी आहे. अशा मुलाने शंभरावर पेपर घड्याळ लावून सोडवले की फरक दिसतो. पहिला ढीग मोठा असेल आणि तो भौतिकात असेल, तर वर्ष लागेलच, त्याची तयारी हवी. पहिला ढीग तिन्ही विषयांत मोठा असेल आणि मुलाला स्वतःलाच पुस्तक उघडावंसं वाटत नसेल, तर कृपा करून त्याला लातूरला किंवा कोट्याला पाठवू नका. गाव बदललं तरी ढीग तोच राहतो.

एक जमाखर्च माझ्या विद्यार्थ्यांकडून मी नेहमी करून घेतो. चुकीची उत्तरं मोजा. समजा ४० चुकली, तर ४० गुण सरळ वजा झाले. त्यातली निम्मी निव्वळ अंदाजाने मारलेली असतील आणि ती सोडली असती, तर २० गुण वाचले असते. कट-ऑफजवळ २० गुणांत क्रमांक हजारोंनी सरकतो.

कुठे शिकायचं? कर्नाटकाच्या पीयूसीची विज्ञानाची पुस्तकं एनसीईआरटीचीच आहेत, म्हणजे पाया हाताशी आहे. जीवशास्त्राला त्याच पुस्तकाची ओळ न् ओळ, आकृत्यांखालची टीप धरून. बेळगावात राहूनही हे होतं. बाहेर पाठवायचं ते फक्त घरात अभ्यासाला जागा नसेल किंवा मुलाला स्वतःहून जायचं असेल तर.

भाषेबद्दल थोडं. नीटची प्रश्नपत्रिका मराठीत असते, पण महाराष्ट्रातल्या केंद्रांवर. कर्नाटकातल्या केंद्रांवर इंग्रजी, हिंदी आणि कन्नड. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून पीयूसीला इंग्रजीत आलेल्या मुलाचे बरेच मार्क न समजलेल्या इंग्रजी वाक्यात जातात, आणि तो दुसऱ्या ढिगात दिसतो. अशा मुलाने वेगळा क्लास शोधण्यापेक्षा रोज एक पान एनसीईआरटी मोठ्याने वाचून त्याचा अर्थ मराठीत सांगावा. तीन महिन्यांत वाचनाचा वेग वाढतो, हे मी वर्गात पाहिलंय.

पडताळणी: नीटसाठी प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षं पूर्ण असावी लागतात. किती वेळा द्यावी याला मर्यादा नाही. पण मर्यादा नाही म्हणून तिसऱ्यांदा, चौथ्यांदा बसणं योग्यच असं नव्हे. दुसऱ्या प्रयत्नानंतर ढीग परत मोजा.

टप्पा ७. दुसरं दार उघडं ठेवा

बीएएमएस आणि बीएचएमएसला नीटची पात्रता लागते. पात्र असाल तर त्या फेऱ्या बघा. बेळगावचं केएलईचं आयुर्वेद कॉलेजही अभिमत आहे, त्याचं समुपदेशन आयुषच्या केंद्रीय समितीकडून होतं.

बी.फार्म, बीएस्सी नर्सिंग, पशुवैद्यकीय, कृषी: कर्नाटकात यांचा रस्ता केसीईटीतून, म्हणजे कर्नाटकाच्या सीईटीतून जातो. "माझं फक्त नीट" म्हणून एप्रिलची केसीईटी न दिलेल्या मुलाला ऑगस्टमध्ये हा रस्ता बंद असतो. पुढच्या वर्षी ही चूक करू नका. फिजिओथेरपीला अर्ज करण्याआधी त्या वर्षीचं केईएचं पत्रक नीट वाचा.

दातांच्याच क्षेत्रात राहायचं असेल तर डेंटल मेकॅनिक आणि डेंटल हायजिनिस्ट हे दोन वर्षांचे मान्यताप्राप्त अभ्यासक्रम आहेत. कवळ्या, कॅप बनवण्याच्या कामात हात चांगला असलेल्या मुलाला मेकॅनिकचं काम खरंच आवडतं. पण यातून दंतवैद्य होता येत नाही, हे आधीच स्पष्ट असू द्या. स्वतःचा दवाखाना काढून दात काढणं बेकायदेशीर आहे.

सावधान: "तोपर्यंत इकडे घेऊन ठेवू, पुढच्या वर्षी बीडीएस मिळालं की सोडू" असं म्हणून प्रवेश घेण्याआधी कॉलेजला लेखी विचारा: मधेच सोडलं तर उरलेल्या वर्षांची फी भरावी लागेल का, आणि मूळ कागद कधी परत मिळतील? तोंडी उत्तर घेऊ नका.

टप्पा ८. पुढच्या वर्षाचं कॅलेंडर

सप्टेंबर ते नोव्हेंबर: चालू वर्षाच्या उरलेल्या फेऱ्या, त्यांच्यासोबत दाखल्यांची दुरुस्ती. अभ्यास गणेशोत्सवानंतर लगेच सुरू करा, "दिवाळीनंतर बघू" म्हणालात की हातात पाचच महिने उरतात.

डिसेंबर: आरडी नंबर, आधार आणि मार्क्स कार्ड परत एकदा ताडा. दाखल्यांची मुदत बघा.

जानेवारी ते मार्च: केईए आणि नीट दोन्हींचे अर्ज. हे दोन वेगळे अर्ज आहेत. नीट दिली म्हणजे कर्नाटकाच्या फेरीत आपोआप नाव जात नाही. स्वतःचा मोबाइल, स्वतःचा ईमेल.

एप्रिल: केसीईटी. मेचा पहिला रविवार बहुधा नीटचा.

जूनपासून: आठवड्यातून दोनदा केईए, एमसीसी आणि लागू असेल तर महाराष्ट्र सीईटी सेलची संकेतस्थळं. व्हॉट्सॲपवर आलेल्या तारखेवर विसंबू नका. केईएच्या सूचना इंग्रजी आणि कन्नडमध्ये येतात, घरात वाचणारं कुणी नसेल तर कॉलेजच्या ऑफिसात नेऊन विचारा. आम्ही शिक्षक त्यासाठीच आहोत.

हे सगळं करताना मुलाकडे लक्ष असू द्या. निकालानंतर जेवण कमी झालं, झोप उडाली, खोलीचं दार सतत बंद राहू लागलं, तर वरचे सगळे टप्पे बाजूला ठेवून आधी त्याच्याजवळ बसा. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालतो, मोफत आहे आणि भाषा निवडता येते. पाहुण्यांना काय सांगायचं हे मुलाला विचारून ठरवा, आणि घरातल्या सगळ्यांनी तेवढंच सांगा.

फाइलच्या पहिल्या पानावर चार ओळी लिहून चिकटवा: टप्पा २ मधलं कारण, तुमचं पात्रतेचं कलम, बाकी राहिलेला दाखला, आणि पुढची तारीख. माझ्याकडे किंवा दुसऱ्या कुणाकडे सल्ला मागायला याल तेव्हा आधी ते पान पुढे करा.